चंपा गावी गेली

दामिनी कुमरेने आठ वर्षं एकाच घरात चहा दिला. घर खोटं होतं, चहा खोटा होता, कपही रिकामेच असत. ट्रे तेवढा खरा होता आणि चांगला जड होता. 'माप ओलांडते मी' या मालिकेतल्या इनामदारांच्या बंगल्यात ती चंपा नावाची मोलकरीण होती. त्या घरात आठ वर्षांत तीन लग्नं मोडली, दोन माणसं मेली आणि जाहिराती कमी झाल्यावर जिवंत होऊन परत आली, थोरल्या जावेचा चेहरा अपघातानंतर चक्क दुसऱ्या नटीचा झाला. चंपा मात्र होती तशीच राहिली. तिची वाक्यं तीन. 'ताईसाहेब, चहा ठेवू?', 'अगं बाई!' आणि 'साहेब आले, साहेब आले!' यातलं तिसरं दिवाळीच्या विशेष भागात वगैरे मिळे.

पोरगी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याची. बाप जंगलू वनखात्यात मजूर होता, आता निवृत्त. आई रामबाई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाणारी. वर्ध्याला कॉलेजात असताना एका नाट्यस्पर्धेत दामिनीने असं काम केलं, की परीक्षक बाई डोळे पुसत रंगपटात आल्या. त्या दोन डोळ्यांच्या भरवशावर ती मुंबईला गेली. मुंबईत कोणी रडलं नाही. 'चेहरा बोलका आहे, पण घरातला वाटत नाही,' असं पहिल्याच ठिकाणी ऐकायला मिळालं. घरातला म्हणजे दिवाणखान्यातला; स्वयंपाकघरातला वाटायला कोणाची हरकत नव्हती. चॅनेलच्या माणसाने फार प्रेमाने असंही सुचवलं की 'कुमरे' जरा जड जातं, 'दामिनी के.' ठेवू, सुटसुटीत. तिने मान डोलावली. मान डोलावणं तिला लवकर जमलं. कुठली म्हणून विचारलं की ती 'नागपूर साइड' म्हणे, आणि घरी कोणती भाषा बोलतात असं विचारलं की मराठी म्हणे. आईबाप एकमेकांशी गोंडीत बोलतात, हे सांगायची वेळ तिने आठ वर्षांत एकदाही येऊ दिली नाही.

रोहण्याच्या मोहल्ल्यात मात्र ती मोठी नटी होती. संध्याकाळी साडेसातला सगळ्या घरांतून एकच गाणं ऐकू येई. ती सुट्टीवर आली की बाया गोळा होत. त्यांचे प्रश्न ठरलेले.

"काऊन वो दामिनी, एवढं मोठं घर आहे, तुले कोनी बस नाई म्हनत काय?" शेजारची सीताबाई विचारी.

"सीताकाकू, ते नाटक आहे."

"नाटक आहे थे समजलं. पन नाटकातही आठ वर्स उभंच?"

यावर दामिनी हसून विषय बदले. परतीच्या गाडीत मात्र तिचे पाय उगाच दुखायला लागत.

नवव्या वर्षी मालिकेचे आकडे घसरले. प्रेक्षक दुसऱ्या चॅनेलवरच्या सर्पकन्येकडे गेले होते. दिग्दर्शक मिहीर सबनीस यांनी आठवडाभर विचार केला आणि जंगलाचा तोडगा काढला. नायक सौरभ इनामदार विमान कोसळून रानात पडतो, एक आदिवासी मुलगी त्याला वाचवते, त्याची स्मृती गेलेली असते, तिथेच त्याचं तिच्याशी लग्न लागतं. मुलीचं नाव वनजा. बैठकीत हे ऐकताना दामिनीने हातातला कप (या वेळी त्यात खरा चहा होता) खाली ठेवला. सबनीस तिच्याकडेच बघत होते.

"दामिनी, अगं तू तिकडचीच ना? नागपूर, गोंदिया, असं कुठलंतरी?"

"वर्धा जिल्हा, सर." आणि मग, आठ वर्षांत पहिल्यांदा, "आम्ही गोंड आहोत, सर."

"ग्रेट!" सबनीस टाळी देत म्हणाले. "मग तू ओजस्वीला शिकव. वनजा ती करतेय."

ओजस्वी कोथरूडची होती, गोरीपान, शास्त्रीय नृत्य शिकलेली. दामिनीने धीर करून म्हटलं, "सर, मी वनजाचं ऑडिशन दिलं तर?"

सबनीसांना वाईट वाटलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फार लवकर वाईट वाटे आणि फार लवकर बरंही वाटे. "राजा, तू ओरिजिनल आहेस, मान्य. पण तू आदिवासी वाटत नाहीस गं. ते रानटी काहीतरी असतं ना डोळ्यांत, ते तुझ्यात नाही. तू फार... कसं सांगू... तू चंपा वाटतेस."

डिसेंबरात युनिट वर्ध्याकडे आलं. मुक्काम तळेगावच्या हायवेवरच्या लॉजमध्ये, शूटिंग पलीकडच्या सागाच्या जंगलात. आधी सबनीसांना खरा आदिवासी मोहल्ला पाहायचा होता, म्हणून दामिनी त्यांना रोहण्याला घेऊन गेली. सबनीस गाडीतून उतरले आणि त्यांचा चेहरा पडला. स्लॅबची घरं, अंगणात मोटरसायकली, छपरांवर डिशच्या छत्र्या. दामिनीचा भाऊ प्रेम जीन्स घालून बाहेर आला. तो आर्वीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. रामबाई चष्म्याच्या वरून बघत म्हणाली, "या साहेब, बसा. च्या मांडते."

सबनीस बसले, चहा प्याले, आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "यांनी सगळं घालवलं गं. किती सुंदर संस्कृती होती."

मग कलादिग्दर्शकाने तळेगावच्या जंगलात संस्कृती नव्याने उभी केली. गवताच्या पंधरा झोपड्या, मधोमध लाकडी राक्षस, आणि मुंबईहून खास मागवलेल्या तीन डझन प्लास्टिकच्या कवट्या. गर्दीसाठी रोहण्याहूनच पंचवीस माणसं टेम्पोत बसवून आणली. कपडेपटाने त्यांची घड्याळं काढून घेतली, शर्ट काढून घेतले, गळ्यात कवड्या आणि डोक्यात कोंबड्याची पिसं घातली. विज्ञानशिक्षक प्रेम कुमरे हातात भाला घेऊन उभा राहिला. जंगलूने तीस वर्षं त्याच जंगलात वणवे विझवले होते. त्याला मशाल देऊन 'हुर्र' करायला सांगितलं. त्याने वाळलेल्या पाल्याकडे पाहिलं आणि आधी मशाल विझवली. रामबाई बराच वेळ कवट्या न्याहाळत होती.

"दामिनी, हे डोस्के कोनाचे होत?"

"खोटे आहेत, माय. आदिवासींचं गाव दाखवायचं आहे म्हणून."

"अन् आदिवासी डोस्के जमा करते?"

"यांच्यात करतात."

"बाप्पा!" रामबाई म्हणाली. "सांभाळून राह्यजो मग."

रामबाईला गर्दीतही घेतलं नव्हतं. चष्मा काढला तरी ती 'शेजारच्या काकूंसारखी' दिसते, असं मेकअपवाल्याचं मत पडलं. ती मुलीचं काम बघायला आलेली पाहुणी म्हणून झाडाखाली बसून राहिली. काम असं काही दिसत नव्हतं. दामिनी ओजस्वीला 'मले, तुले, काऊन' शिकवायची आणि सबनीस ते खोडून काढायचे. 'हे तर सगळे बोलतात, मला जंगलातलं पाहिजे.' शेवटी ओजस्वी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हुंबा' म्हणू लागली आणि सबनीस खूश झाले. सकाळी दोन तास मेकअपवाला तिला गळ्यापासून बोटांपर्यंत काळपट तपकिरी रंग लावायचा. पोरगी स्वभावाने गोड होती. "ताई, मी तुमच्यासारखी दिसतेय ना?" असं तिने दामिनीला विचारलं. दामिनीने तिला आरसा धरला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी लग्नाचा प्रसंग होता. टोळीची वृद्ध वनमाता वधूवरांना आशीर्वाद देते. वनमातेसाठी मुंबईहून एक ज्येष्ठ अभिनेत्री आणली होती. तिला आदल्या दिवशीच्या तळेगावच्या झणझणीत तर्रीने असं धरलं की ती लॉजची खोली सोडेना. बारा वाजले, एक वाजला. युनिट जेवलं. गर्दीची जेवणाची पाकिटं यायची होती, ती वाटेतच राहिली. तीन वाजता, ऊन सरकायला लागलं तेव्हा, सबनीसांची नजर झाडाखाली गेली.

"आजींना कोणती भाषा येते?"

"गोंडी येते, सर," दामिनी म्हणाली.

"देवा! आणि हे तू आत्ता सांगतेस?"

पाच मिनिटांत रामबाईचा चष्मा गेला, डोक्यावर शिंगांचा मुकुट आला. सबनीस तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. "आजी, तुमच्या भाषेत, मनातलं बोला. दीड मिनिट. जे वाटेल ते. फक्त आतून आलं पाहिजे."

"मनातलंच बोलू?"

"मनातलंच."

कॅमेरा सुरू झाला. रामबाईने वधूच्या हनुवटीला हात लावला, बोटाला आलेला रंग बघितला आणि गोंडीत बोलायला सुरुवात केली. आवाज संथ, जड, देवासमोर बोलावं तसा. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली ते असं:

"पोरी, तुझ्या तोंडाला काळं कोणी फासलं? काय गुन्हा केलास तू? चांगल्या घरची दिसतेस, घरी जा, साबणाने तोंड धू. आणि तू रे नवरदेवा, तुझी बायको मी रोज साडेसातला पाहते. गुणाची बाई आहे, तुझ्यासाठी उपास धरून बसली आहे आणि तू इथे पिसं लावून दुसरी करतोस. आमच्यात असं केलं असतंस तर पंचांनी तुला उभा सोलला असता. ही डोकी कोणाची टांगली आहेत? आमच्या घरी आलात तर आम्ही आधी जेवू घालतो, मग बोलतो. तुम्ही पंचवीस माणसं सकाळपासून उपाशी नाचवलीत आणि स्वतः जेवून ढेकर दिलेत. माझी पोरगी आठ वर्षं तुमच्या घरात ट्रे धरून उभी आहे. तिला एकदा कोणी बस म्हणालं नाही. तुमचं घर बसो."

पिसंवाल्या पंचवीस माणसांनी माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते. प्रेमने भाल्यावर कपाळ टेकलं. जंगलूने तोंडात मूठ कोंबली. कॅमेऱ्यामागे सबनीसांनी डोळ्यांना रुमाल लावला. इतकी माणसं एकदम रडताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"कट! देवा, काय होतं हे! दामिनी, काय म्हणाल्या आई?"

दामिनीला शब्दन् शब्द कळला होता. शेवटची दोन वाक्यं तर छातीत जाऊन बसली होती. तिच्यापुढे दिग्दर्शक होते, बाजूला ओजस्वी भारावून हात जोडून उभी होती, आणि शिंगांखालून आई तिच्याकडे बघत होती, काय करतेस ते बघते या नजरेने. दामिनीने डोळे मिटले, एक श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"म्हणाल्या... जंगलाने तुम्हाला लेकरं मानलं आहे. नदी तुमची वाट अडवणार नाही, वाघ तुमचा माग काढणार नाही. जोवर साग उभा आहे तोवर तुमचा जोडा उभा राहो."

सबनीसांनी पुन्हा रुमाल काढला. इतक्या वर्षांत दामिनीने केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं आणि कॅमेरा बंद होता.

भाग जानेवारीत लागला. रामबाईच्या चेहऱ्यावर संथ संगीत, खालच्या अक्षरांत दामिनीची नदी, वाघ आणि साग. मुंबईपुण्यात लोक गहिवरले. रोहण्याच्या मोहल्ल्यात मात्र त्या संध्याकाळी असा हशा उसळला की अर्धा गाव काय झालं म्हणून धावत आला. वर्ध्याला नर्सिंग शिकणारी मोहल्ल्यातली रक्षा फोनवर हुशार होती. तिने ती दीड मिनिटं कापून घेतली, खालची अक्षरं पुसून खरी घातली आणि इंटरनेटवर सोडून दिली. चौथ्या दिवशी ती चित्रफीत गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत फिरून मुंबईला पोचली. 'तुमचं घर बसो' हा शाप लोक एकमेकांना सकाळच्या नमस्कारासारखं पाठवू लागले. मग हसणं ओसरलं आणि लोकांनी ओजस्वीच्या रंगाबद्दल, कवट्यांबद्दल विचारायला सुरुवात केली.

चॅनेलच्या कचेरीत दामिनीला बोलावणं आलं. कार्यक्रमप्रमुख केतकी मॅडम समोर, सबनीस कोपऱ्यात, मोबाइलमध्ये मान घालून.

"तू आम्हाला फसवलंस, दामिनी."

"सरांनी मला विचारलं, आई काय म्हणाल्या. मी अभिनय केला, मॅडम. संधी पहिल्यांदाच मिळाली होती."

केतकी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. दामिनीने ओजस्वीशेजारी उभं राहून माफीची चित्रफीत करायची, त्यात सांगायचं की सगळं तिच्या देखरेखीखाली झालं. शिवाय त्या भागांच्या श्रेयनामावलीत आता नवी ओळ घालणार होते. 'आदिवासी संस्कृती सल्लागार: दामिनी जंगलू कुमरे.' नाव पूर्ण, मोठ्या अक्षरांत, सबनीसांच्याही आधी.

"आडनाव जड नाही जाणार?" दामिनीने विचारलं.

"आत्ता ते गरजेचं आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही.

दामिनीने कागद वाचला, नीट घडी केली, टेबलावर ठेवला. "मॅडम, मी चहा दिला. कवट्या मी नाही टांगल्या." लिफ्टमध्ये ती सरळ खाली फरशीवर बसली.

पुढच्याच आठवड्यात इनामदारांच्या घरात एका नव्या मुलीने चहा आणला. थोरल्या जावेने विचारलं, "चंपा कुठाय?" सासूबाई म्हणाल्या, "गावी गेली." आठ वर्षांचा निरोप दोन शब्दांत झाला आणि घरातल्या मंडळींनी चहाचे रिकामे कप तोंडाला लावले.

दामिनी खरंच गावी गेली. तिथे वेगळाच प्रकार होता. तळेगावच्या बाजारात रामबाईला लोक थांबवत, सोबत फोटो काढत. एका शाळेने तिला प्रमुख पाहुणी म्हणून नेलं. तिथे तिने पोरांना वेळेवर जेवा एवढंच सांगितलं आणि टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी तर केतकी मॅडमचाच फोन आला. आकडे वर गेले होते, वनमातेला कायम ठेवायचं होतं. रामबाईने कापसाची वेचणी सांगून फोन ठेवला. तिच्यासाठी विषय संपला. दामिनीने मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"आठ वर्षं मी घासली तिथे, माय," ती ताटावरून उठत म्हणाली. "तू दीड मिनिटात माझं काम घालवलं, अन् तुलाच बोलवून राह्यले."

रामबाईने तिचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मी चुकली असन. पन साहेबच म्हने, मनातलं बोला. माह्या मनात तूच होती, दुसरं काय बोलू?"

दामिनी अंगणात जाऊन रडली, आणि आत येऊन उरलेलं जेवली.

फोन तिलाही येत होते. एका चित्रपटाला 'खरी आदिवासी' पाहिजे होती, फक्त आणखी सावळी करावी लागेल. दुसऱ्याला नक्षलवाद्याची बायको पाहिजे होती, मुकी. एके दिवशी एका नव्या मालिकेचा माणूस बोलला. हॉस्पिटलची कथा, मुख्य भूमिका सर्जनची, दामिनीसाठी तिच्याकडची स्वयंपाकीण. दामिनी म्हणाली, "मी सर्जनचं ऑडिशन पाठवते." पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग संवाद आले. तिने प्रेमचा शाळेचा पांढरा कोट घातला, मागे चादर टांगली आणि रक्षाला फोन धरायला लावला. सर्जन तिला मिळाली नाही. ती एका गोऱ्या मुलीला मिळाली. तिला मिळाली सर्जनच्या वरची डॉक्टर, विभागप्रमुख, सगळ्यांवर ओरडणारी खडूस बाई. मोठं टेबल, फिरती खुर्ची.

मालिका सुरू झाली. दामिनी असं ओरडायची की सेटवरचे दिवे लावणारेही दचकत. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. विसाव्या भागानंतर रामबाईचा फोन आला.

"पाह्यलं. चांगलं करतं तू. पन त्या नर्सवर लय ओरडतं वो."

"माय, ते लिहिलेलंच असतं."

"असन. थे पोरगी फाइल घेऊन उभीच राह्यते. तोंडातून एक शब्द नाई काढत. कोनाची आहे थे?"

दामिनीला सांगता आलं नाही. वीस भाग ती मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिचं नाव तिने कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शॉटच्या आधी तिने फिरती खुर्ची वळवली आणि म्हणाली, "अगं, तुझं नाव काय?"

मुलीच्या हातातली फाइल खाली पडली. ती घाबरून वाकली, कागद गोळा करू लागली, आणि वर न बघताच म्हणाली, "सॉरी मॅडम, माझं काही चुकलं का?"